वह्या वाटल्या, आता पुस्तकं वाटा



गेल्या अंकात आपल्या कारखान्यातर्फे सभासदांच्या मुलांना वह्या वाटल्याचा फोटो आला होता. चेअरमनसाहेब, संचालक मंडळ, मागे कापडी फलक आणि पुढे वह्या छातीशी धरून उभी असलेली पोरं. माझा नातूही त्यात आहे, दुसऱ्या रांगेत. कार्यक्रम चांगला झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरी आल्यावर नातवानं वही उघडली, पहिल्या पानावर नाव घातलं आणि मला विचारलं, "आजोबा, आता यात लिहू काय?" मी म्हटलं, "शाळेत सांगतील ते लिही." बोललो खरा, पण ते उत्तर माझं मलाच पटलं नाही. कोरी वही देणं सोपं. त्या वहीत पोरानं आपल्या मनानं काही लिहावं असं काहीतरी त्याच्या हातात देणं अवघड. आजचा माझा विषय तोच आहे.

या विषयाची जाण मला आपल्या बागायती भागात आली नाही. ती आली थेट गडचिरोलीच्या जंगलात, एटापल्लीला. माझा पुतण्या त्या तालुक्यातल्या एका आतल्या गावात शिक्षक आहे. "तात्या, एकदा येऊन तर बघा," असं तो चार वर्षं म्हणत होता. शेवटी एका वर्षी गळीत हंगाम आटोपला, शेवटची खेप काट्यावर गेली आणि मी पिशवी भरली. चंद्रपूरपर्यंत रेल्वे, पुढं गोंडपिंपरी, आष्टी, आलापल्ली असं करत एस.टी.नं एटापल्ली. आलापल्लीच्या पुढं दोन्ही बाजूंनी सागाचं रान आणि समोरून सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. हा सगळा मुलूख पूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. ऊस तिथं नावालाही नाही.

मी गेलो ते दिवस मोहफुलं पडण्याचे होते. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं रात्रीतून आणि पहाटे गळतात. घरातली सगळी माणसं, पोरंसुद्धा, उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली. त्यामुळं सकाळच्या शाळेला पोरं उशिरा येत. दुसरा एखादा मास्तर रागावला असता. पुतण्यानं काय केलं, तर सांगितलं, "येताना प्रत्येकानं ओंजळभर फुलं घेऊन या." मग बांबूची काठी मधोमध दोरीनं टांगली, दोन टोकांना पळसाच्या पानांचे द्रोण बांधले आणि तराजू केला. वजनं कुठली आणायची? दुकानातले सीलबंद बिस्किटाचे पुडे, त्यावर ग्रॅम छापलेलेच असतात. पोरांनी ताजी फुलं मोजली, आकडा वहीत लिहिला, फुलं अंगणात वाळत घातली आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा मोजली. वजन जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आलं होतं.

मग वर्गात जो कालवा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. बाकीचं वजन गेलं कुठं? एक म्हणाला वाऱ्यानं नेलं, एक म्हणाली मुंग्यांनी खाल्लं, एक म्हणाला पाणी उडालं. मास्तर गप्प. कोण बरोबर ते कसं तपासायचं, एवढंच त्यानं विचारलं. पोरांनी फुलांवर काच झाकून ठेवली, आतून थेंब धरले, तेव्हा मिटलं. आणि मग एका पोरीनं हिशेब घातला की व्यापारी ओल्या फुलाला हा भाव देतो नि सुक्याला तो, तर आपण ओलं विकावं का वाळवून? बंधूंनो, ती चौथीतली पोर होती.

ही युक्ती पुतण्याच्या डोक्यातून आलेली नव्हती. त्याच्याजवळ पत्र्याच्या पेटीत पंधरा-वीस पातळ पुस्तकं होती. करून बघायची पुस्तकं. गोष्टींची नव्हेत, पाठांतराचीही नव्हेत. तराजू करा, पानांचे ठसे घ्या, सावली मोजा, पक्ष्याची चोच बघून तो काय खात असेल ते ओळखा, असली. पानं तेलकट झालेली, कोपरे दुमडलेले. त्याला कुलूप नव्हतं.

कुलपाचं मुद्दाम लिहितो. आमच्याकडच्या एका शाळेत मी पुस्तकांचं कपाट पाहिलं आहे. पुस्तकं नवी कोरी, काच पुसलेली आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. कारण विचारलं, तर "पोरं फाडतात, मग हिशेब द्यावा लागतो." वापरून फाटलेल्या पुस्तकाचा हिशेब मागतात, न वापरलेल्या पुस्तकाचा कोणी मागत नाही. ही आपली रीत.

एटापल्लीत आणखी एक अडचण आहे, ती आपल्याला नाही. घरची बोली माडिया आणि पुस्तक मराठीत. घरी पाण्याला येर, पक्ष्याला पिट्टे. पहिलीच्या पोराला मराठी पुस्तक म्हणजे आपल्या पोराला एकदम तेलुगू पुस्तक दिल्यासारखं. भामरागड तालुक्यातल्या हेमलकसाला बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, १९७६ मध्ये तिथं आश्रमशाळा निघाली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचं काम सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्या भागात जे जे शिकवायला गेले त्यांना आधी पोरांची बोली शिकावी लागली. पण मी बघितलं ते असं, की करून बघायच्या पुस्तकात शब्द थोडे आणि हाताला काम जास्त असतं. चित्र बघून पोर तराजू करतं, मग त्याला शब्द लागतो आणि तो शब्द ते स्वतः विचारून घेतं. पुतण्यानं चित्राखाली पेन्सिलीनं माडिया शब्द लिहून ठेवले होते, तेही पोरांनाच विचारून. तिथं मास्तर विद्यार्थी आणि पोरं मास्तर.

आता माझी फजिती सांगतो. चौथ्या दिवशी एका पोरानं मास्तरामार्फत मला विचारलं, "आजा, तुम्ही ऊस लावता म्हणे. आमच्या मोहाची साखर फुलात असते, तुमच्या उसाची खोडात का? फुलात का नाही?" मी तीस वर्षांचा ऊस उत्पादक. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा सगळं करून बसलेला. मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, "बघून सांगतो."

परत आल्यावर बघितलं. शेतकी खात्यातल्या आपल्या मंडळींना विचारलं, पुस्तकं चाळली. उत्तर असं आहे. पानं उन्हात साखर तयार करतात. ती ऊस खोडात साठवतो, कारण पुढचा कोंब त्या खोडाच्या डोळ्यातूनच फुटायचा असतो. ती त्याची शिदोरी. थंडी पडली, पाणी तुटलं की वाढ मंदावते आणि साखर साठत जाते, त्यालाच आपण पक्वता म्हणतो. मोहाचं वेगळं. त्याच्या फुलातल्या गोडव्यासाठी वटवाघळं, पाखरं, किडे येतात आणि झाडाचं काम होतं. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याच्या आसपास साखरच असते. पण ती बरीचशी द्राक्षसाखर नि फळसाखर या जातीची, त्यामुळं तिचा आपल्या साखरेसारखा दाणा सहज पडत नाही. आणि सभासदहो, इथं माझी ट्यूब पेटली. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडला की उतारा घटतो, ते का? तर खोडातली दाणेदार होणारी साखर फुटून याच दुसऱ्या जातीची होत जाते, म्हणून. "ताजा ऊस, स्वच्छ ऊस" ही पाटी मी गट ऑफिसात शंभर वेळा वाचली असेल. तिचा अर्थ मला एटापल्लीच्या पोरानं विचारलेल्या प्रश्नापायी कळला.

असली पुस्तकं मराठीत नवी नाहीत. 'सृष्टिज्ञान' हे विज्ञानाचं मासिक १९२८ मध्ये निघालं. बालभारतीनं नोव्हेंबर १९७१ मध्ये 'किशोर' सुरू केलं, आपल्यापैकी पुष्कळांनी ते हायस्कुलात वाचलं असेल. पक्षी नि जंगल मारुती चितमपल्लींनी आपल्या भाषेत आणलं. त्यांचं नुकतंच, जून २०२५ मध्ये, निधन झालं. त्याच्या आधीच्या महिन्यात जयंत नारळीकर गेले. त्यांनी पुण्यात आयुका उभी केली आणि एवढ्या मोठ्या संशोधन संस्थेच्या आवारात शाळेतल्या पोरांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका काढली. तिथं अरविंद गुप्ता यांनी बरीच वर्षं काम केलं. हा माणूस कानपूरच्या आय.आय.टी.तला इंजिनियर, पुण्यात टेल्कोत नोकरीला. १९७८ च्या सुमारास तो मध्य प्रदेशात होशंगाबादला गेला. तिथं १९७२ पासून सोळा शाळांत एक विज्ञान कार्यक्रम चालू होता. पोरांनी स्वतः प्रयोग करायचे आणि उत्तर वहीत स्वतः लिहायचं, असा. त्याच्या पुस्तकाचं नावच 'बालवैज्ञानिक'. पुढं तो कार्यक्रम शेकडो शाळांत पसरला आणि २००२ मध्ये सरकारनं बंद केला. चांगली गोष्ट सुरू करायला माणसं लागतात आणि बंद करायला एक कागद पुरतो, हे आपल्याला सहकारात वेगळं सांगायला नको.

गुप्तांची एक साधी युक्ती सांगतो, आज रात्री घरी करून बघा. आगपेटीच्या काड्या घ्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. नळीचे छोटे तुकडे करून काड्यांची टोकं त्यात बसवा. चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्यावर दाबा. तो लगेच कलंडतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण करा. कितीही दाबा, आकार सोडत नाही. चौकोनात एक आडवी काडी तिरकी घातली की तोही ताठ उभा राहतो. एवढं केल्यावर पोराला आपल्या कारखान्याच्या गोदामाखाली नेऊन वर बघायला सांगा. छताच्या कैच्यांत त्रिकोणच त्रिकोण दिसतील. तिथून पुढं ते पोर पूल बघेल, विजेचा मनोरा बघेल, गाडीचा साटा बघेल नि त्रिकोण शोधेल. खर्च किती? एक आगपेटी.

आता आपल्या भागाचा विचार करू. आपल्या पोरांच्या पुस्तकात विमान आहे, पेंग्विन आहे. ऊस मात्र एखाद्या धड्यात "नगदी पीक" एवढ्या दोन शब्दांत येतो. आणि आपल्या भोवती तर प्रयोगांचं आगर आहे! एका उसाचे शेंड्याचे, मधले आणि बुडख्याचे डोळे काढून तीन डब्यांत लावा, कुठला आधी उगवतो ते रोज बघून लिहा. शेंड्याकडचा आधी येतो, का येतो ते शोधा. एक टन उसाचा हिशेब मांडा. अकरा टक्के उतारा धरला तर ११० किलो साखर, साधारण २८० ते ३०० किलो बगॅस, चाळीस किलोच्या आसपास मळी, तेवढाच किंवा थोडा कमी प्रेसमड. मग उरलेलं कुठं गेलं? ते पाणी. मोहफुलासारखंच! रसाचा ब्रिक्स म्हणजे काय, हातातल्या त्या छोट्या दुर्बिणीतून तो कसा दिसतो, हे पोराला एकदा दाखवा. पन्नास वर्षांचे सभासद असे आहेत की ज्यांना ब्रिक्स नि उतारा यातला फरक सांगता येत नाही. मीही परवापर्यंत त्यांच्यातलाच होतो.

इथं कोणी म्हणेल, पोरं असली चिकित्सक झाली तर उद्या काट्यालाही प्रश्न विचारतील, उताऱ्याचा हिशेब मागतील. मग मागू द्या! सहकारी कारखाना प्रश्न विचारणाऱ्या सभासदांवरच टिकतो. विठ्ठलराव विख्यांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला जे उभं केलं, १९५० च्या सुमारास, ते शेतकऱ्याला हिशेब कळू शकतो या विश्वासावर. गडचिरोलीतच धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंडांचं लहानसं गाव आहे. तिथल्या लोकांनी अभ्यासगट केले. एकत्र बसायचं, कायदा वाचायचा, जाणत्याला बोलवायचं, शंका विचारायच्या. निर्णय मात्र ग्रामसभेत. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. ज्यांना मोजता येत होतं त्यांना मागता आलं. एटापल्लीकडं तेंदूपानाचं तसंच आहे. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची गोणी, म्हणजे गोणीत सत्तर हजार पानं. हा गुणाकार ज्या पोराला येतो त्याच्या बापाला फडीवर कोणी फसवू शकत नाही.

दुसरी हरकत मोबाइलची. "सगळं त्यात आहे, पुस्तकं कशाला?" मोबाइलवर त्रिकोण करताना दुसऱ्याचे हात दिसतात, आपल्या पोराचे नाहीत. बघून पोहता येत नाही, तसं हे. मोबाइल वाईट म्हणत नाही, प्रश्न पडल्यावर उत्तर शोधायला तो चांगला. पण प्रश्न पडायला हात मळावे लागतात.

तिसरी हरकत गरिबीची आणि ऐपतीची. त्यावर मायकेल फॅरेडेचं उदाहरण पुरे. लोहाराचा पोर, शाळा जेमतेम, चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधणाऱ्याकडं उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. त्यात जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं संवादाच्या रूपातलं पुस्तक होतं. त्यातलं खरं का खोटं हे तो आपल्या तुटपुंज्या पैशांत प्रयोग करून ताडून बघायचा. पुढं त्याच माणसाच्या शोधांतून विजेचं जनित्र आणि मोटार निघाली. आपल्या विहिरीवरची मोटार त्याचीच नात म्हणायची! आणि मोठा झाल्यावर तो विसरला नाही. १८६० च्या नाताळात त्यानं पोरांना बोलावून एका साध्या मेणबत्तीवर व्याख्यानं दिली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि जे लिहायला मला संकोच वाटतो ते. आपल्या पोरांचं एक वेळ ठीक आहे. पण आपला ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्यांच्या पोरांचं काय? पाच-सहा महिने ती कोपीत राहतात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, दहा-बारा वर्षांचा पोर मोळ्या वाहतो. नव्वदच्या दशकात साखरशाळा निघाल्या. पुढं २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आला आणि पोरांना गावाकडच्या हंगामी वसतिगृहात ठेवावं किंवा जवळच्या शाळेत घालावं असं ठरलं. कागदावर ते बरोबर आहे. पण दर हंगामात तळावर पोरं दिसतात, हे तुम्हीही बघता आणि मीही बघतो. एटापल्लीची पोरं जंगलात राहून शाळेत होती. आपल्या काट्यापासून हाकेच्या अंतरावरची पोरं शाळेबाहेर आहेत. जंगली भाग मागासलेला असं आपण म्हणतो, ते कुठल्या तोंडानं?

पुस्तकाच्या पेटीनं त्यांची शाळा भरून निघणार नाही. तसा दावा मी करत नाही, आणि शाळेत घालायची जबाबदारीही त्यामुळं कोणाची टळत नाही. पण चित्र बघून करायचं पुस्तक अर्धवट अक्षरओळखीच्या पोरालाही चालतं, हे मी डोळ्यांनी बघून आलो आहे. ज्याला शाळा सुटल्यावरही काहीतरी करून बघायची चटक लागली, ते पोर शाळेकडं परत वळण्याचा संभव जास्त.

म्हणून माझं म्हणणं तीन कलमांत सांगतो.

एक, प्रत्येक गट ऑफिसात पुस्तकांची एक पत्र्याची पेटी ठेवावी. माहितीची, प्रयोगांची, झाडा-पाखरांची मराठी पुस्तकं. कुलूप नको. पुस्तक फाटलं तर ते वापरलं असं समजून निर्लेखित करावं. पेटी स्लिपबॉयच्या ताब्यात दिली तरी चालेल, तो रोज गावात असतोच.

दोन, हंगामात तशीच एक पेटी प्रत्येक मोठ्या तळावर फिरवावी. गावातली शिकलेली पोरंपोरी संध्याकाळी तासभर बसली तरी पुष्कळ. मुकादमांना विश्वासात घ्यावं. आणि तळावर कुठली पोरं शाळेत जात नाहीत याची यादी शेतकी खात्यानं हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात शाळेकडं द्यावी.

तीन, आपल्या कारखान्यानं स्वतःचं एक पुस्तक काढावं. 'ऊस' याच विषयावर, पोरांसाठी, करून बघायचं. शेतकी खातं, प्रयोगशाळा, इंजिनियरिंग खातं आणि परिसरातले दोन-चार हौशी शिक्षक एकत्र बसले तर एका बिगर-हंगामात होईल. वारणेनं खेड्यातल्या पोरांचा वाद्यवृंद उभा करून देशभर नाव केलं. तिथं पोरांच्या हातात वाद्यं दिली, आपण पुस्तक देऊ.

पैसा कुठून, हे विचारालच. एका वर्षी शाल, श्रीफळ, हार, फेटे आणि मांडव यांत थोडी काटकसर केली तरी सुरुवात होईल. फेटा मीही बांधून घेतला आहे. उतरवल्यावर तो कपाटातच जातो.

त्या पोराला उत्तर कळवायचं होतं, ते मी पुतण्याला पत्रानं कळवलं. सोबत उसाच्या एक डोळ्याच्या चार कांड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठवल्या. त्यातल्या दोन उगवल्या. पोरं दर सोमवारी उंची मोजून वहीत लिहितात, असं पुतण्या कळवतो. त्यांनीही मला काम लावलं आहे. उसाला तुरा आला की साखर वाढते का घटते ते मोजून कळवा, म्हणतात. नातू आणि मी यंदा ते करणार आहोत. त्याच्या कोऱ्या वहीत आता लिहायला काहीतरी आहे.

वरील तीन कलमांचा ठराव मी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. नियमाप्रमाणं लेखी सूचना दिली आहे. अनुमोदन द्यायचं की नाही ते आपण ठरवावं. विरोध करायचा असेल तर जरूर करा, पण त्याआधी आपल्या घरातल्या पोराला काड्यांचा तेवढा त्रिकोण करायला लावा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद